हॉर्नवर सर्जेराव इंगवले

सर्जेराव इंगवल्यांबद्दल लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही. लिहू नका असं सांगणारे मात्र तिघे आहेत, आणि त्या तिघांनाही मी चांगली ओळखते. तेव्हा लिहितेच.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको की या बाई कोण. मी वासंती खांबेटे. टपाल खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मी व्हायोलाच्या क्लासला गेले. व्हायोला व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा असतो, थोडा खर्जात बोलतो आणि वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी नोकरीची सवय असल्यामुळे मला तो लगेच जमला. आमच्या हौशी वाद्यवृंदाचं नाव संगम सिंफनी मंडळ. बेचाळीस वादक, निम्मे आयटीतले, उरलेले माझ्यासारखे पेन्शनर. मी मंडळाची सचिव. पुण्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक विचारतात, "जुनी गाणी कोण म्हणतं तुमच्यात?" कोणीच म्हणत नाही असं सांगितलं की त्यांचा रस संपतो आणि आमचा वेळ वाचतो.

सर्जेराव आमच्यात आले सहा वर्षांपूर्वी. आमची रविवारची तालीम खडकीतल्या एका जुन्या हॉलमध्ये चालते. एका रविवारी खिडकीबाहेर एक गृहस्थ उभे दिसले. पांढरा शर्ट, ताठ पाठ, पायाशी मिलिटरी कँटीनच्या सामानाची पिशवी. अर्धा तास झाला तरी हलेनात, म्हणून मी बाहेर जाऊन विचारलं, "काय हवंय आपल्याला?"

"काय नको. तुमचा दुसरा हॉर्न चुकतोय," ते म्हणाले.

"आमच्याकडे दुसरा हॉर्न नाहीच आहे. एकच आहे."

"मग त्योच चुकतोय."

आगाऊपणे चूक काढणारा माणूस पुण्यात मिळायला कष्ट पडत नाहीत. पण यांची चूक बरोबर होती, हे विशेष. पुढच्या रविवारी ते धायरीहून दोन बस बदलून, काळ्या पेटीत स्वतःचा हॉर्न घेऊन आले आणि बसले.

हॉर्न म्हणजे गाडीचा नव्हे. बारा फूट पितळी नळी गोल गुंडाळून केलेलं हे वाद्य. डाव्या हाताची बोटं कळांवर, उजवा हात मागच्या कर्ण्यात. सर्जेराव फलटणकडचे. वडील महिपती गावच्या जत्रेत शिंग फुंकायचे. पोरगा सोळाव्या वर्षी सैन्याच्या बँडमध्ये भरती झाला. त्याला हवा होता ट्रंपेट. बँडमास्तरांनी त्याचे ओठ पाहिले, दात पाहिले, बैल पारखतात तसा जबडा पाहिला आणि हातात हॉर्न दिला. सव्वीस वर्षं नोकरी झाली, शेवटची अकरा खडकीत. हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग एका कारखान्यात सुरक्षारक्षक, आणि धायरीत दोन खोल्या.

आता मार्चमध्ये हॉर्नला काय काम असतं ते ऐका. सूर ट्रंपेटकडे, ठोका ड्रमकडे. दोन ठोक्यांच्या मधे जी फट उरते ती हॉर्ननं भरायची. "ड्रम म्हननार धम्, आमी म्हननार पॅं," सर्जेराव सांगायचे. "सव्वीस वर्षं, ताई. धम्-पॅं, धम्-पॅं. ज्यानं ज्यानं सलामी घेतली त्याला इच्यारा, पॅं ऐकलं का? न्हाई म्हनंल." बँडच्या कॅसेटी निघाल्या, सीडी निघाल्या. त्यावर नाव पलटणीचं. ते रास्तच होतं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण एवढं वाजवलं आणि कुठल्या कागदावर आपलं नाव नाही, हे त्यांना सलायचं. ते दोनतीनदा बोलूनही दाखवलं त्यांनी, अगदी हसत.

त्यांच्या बँडमास्तरांनी बराकीत परेड संपल्यावर त्यांना एक कॉन्चेर्टो शिकवला होता. कॉन्चेर्टोत एक वाद्य पुढे उभं राहतं आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्या मागून चालतो. अडीचशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात लिहिलेला हा हॉर्नचा कॉन्चेर्टो, तीन भागांचा. मधला भाग संथ, अगदी सोपा वाटणारा आणि म्हणून भयंकर अवघड. तो सर्जेरावांनी चाळीस वर्षं एकट्यानं वाजवला. मागच्या साथीची जागा आली की हॉर्न खाली घ्यायचा, ओठातल्या ओठात मात्रा मोजायच्या आणि पुन्हा सुरू करायचं. साथ कशी असते ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. पहिल्यांदा आमच्या तालमीत आम्ही तंतुवाद्यांनी ती साथ धरली तेव्हा त्यांना पुढचा सूर लावता येईना. आमोदनं थांबवून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई साहेब. हितं कुनीतरी असतंय, ते म्हाईत नव्हतं."

आमोद म्हणजे आमचा संचालक, काठी हलवणारा. वय बेचाळीस, परदेशात शिकून आलेला, हुशार. ते नाकारण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षीच्या गणपतीनंतर त्यानंच कल्पना काढली की मंडळाचं पहिलं रेकॉर्डिंग करायचं. स्टुडिओत नाही, श्रोत्यांसमोर, प्रत्यक्ष मैफलीत. पूर्वार्धात सिंफनी, उत्तरार्धात हा हॉर्न कॉन्चेर्टो, हॉर्नवर सर्जेराव इंगवले. तालमीत सगळ्यांसमोर त्यानं हे जाहीर केलं. सर्जेराव उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. आम्ही हसलो, पण त्यांना हसू आलं नाही.

त्याच सुमारास त्यांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. हॉर्नवाल्याचं सगळं भांडवल तेवढंच: वरचे पुढचे दोन दात आणि त्यांवर टेकलेला ओठ. डॉक्टर म्हणाले काढा, आत पू धरतोय. सर्जेराव म्हणाले, जानेवारीतल्या मैफलीनंतर. तीन महिने ते गोळ्या खाऊन वाजवत होते. मालनबाई, त्यांच्या पत्नी, मला फोन करून म्हणायच्या, "ताई, तुमी तरी सांगा. भाकरी बी चुरून खात्यात." मी सांगितलं. सर्जेराव म्हणाले, "ताई, हा दात गेला की माझा हॉर्न गेला. सदुसष्टाव्या वर्षी ओठ नव्यानं बसत न्हाई. एकदा नाव लावून वाजवतो, मग सगळे काढा." यावर काय बोलणार? मी गप्प बसले.

गप्प बसणं मला चांगलं जमतं, हे पुढे दिसेलच.

मैफल रविवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी आमोदनं कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली. आम्ही पाच जण. विषय एकच. रेकॉर्डिंगचा सगळा भार ज्या उद्योजकांनी उचलला होता त्यांचा भाचा अभिनव जर्मनीत हॉर्न शिकतो. मामांची इच्छा अशी की कॉन्चेर्टो भाच्यानं वाजवावा. इच्छा म्हणजे अट. दुपारी त्याचं तिकीटही काढून झालं होतं. विमान शनिवारी रात्री पोचणार.

"आणि सर्जेराव?" मी विचारलं.

"ते सिंफनीत दुसऱ्या हॉर्नला बसतील," आमोद म्हणाला. "काकू, मलाही वाईट वाटतंय. पण जरा प्रॅक्टिकल व्हा. नाही म्हटलं तर रेकॉर्डिंगच होत नाही. बेचाळीस जणांची चार महिन्यांची मेहनत आहे."

"मग त्यांना आज सांगा."

"आज सांगितलं तर शनिवारी रंगीत तालमीला कॉन्चेर्टो कोण वाजवणार? अभिनव तर विमानात असेल. ऑर्केस्ट्राला एक पूर्ण फेरी हवी आहे, माइक लावायचे आहेत. शनिवारची तालीम होऊ दे, मग मी स्वतः सांगतो."

चौघांनी हात वर केले. मग मीही केला. मला कोणी दमदाटी केली नव्हती, माझी नोकरी जाणार नव्हती. मला फक्त ते रेकॉर्डिंग हवं होतं. सत्तरीच्या उंबरठ्यावर मलाही वाटत होतं की आपण वाजवलेलं काहीतरी मागे राहावं, व्हायोला ऐकू येवो न येवो. ठराव मीच लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात. "एकमताने संमत."

शनिवारी सर्जेराव नवा शिवलेला काळा कोट घालून आले. कोट रविवारसाठी होता, पण श्वास घेताना काखेत आवळतो का ते बघायचं होतं म्हणे. सभागृहाच्या दारावर आमच्या खजिनदारांनी पाटी लावली होती: 'रेकॉर्डिंग चालू आहे. खोकला आवरत नसल्यास घरी थांबावे. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवू नयेत, संपले की आम्ही सांगू.' सर्जेराव ती वाचून खूश झाले. दुपारी डब्यातला उपमा मी त्यांना दिला, कारण त्यांना मऊच काहीतरी खाता येत होतं. मी स्वतः काही खाल्लं नाही. त्यांना वाटलं मला उद्याची धाकधूक आहे. "ताई, मी हाय की," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी वाजवलं. पहिला भाग जरा सावध गेला. संथ भाग सुरू झाला आणि काय सांगू, मी गेली सहा वर्षं त्यांना ऐकत होते, हा आवाज मी ऐकला नव्हता. एका लांब ओळीच्या मधोमध, जिथे कुठल्याही शाळेत श्वास घ्यायला शिकवत नाहीत, तिथे ते श्वास घेतात. मार्चची सवय. डावा पाय पडला की श्वास, असं सोळाव्या वर्षी हाडात बसलेलं. आमोदनं ती सवय मोडायचा खूप प्रयत्न केला होता आणि शेवटी नाद सोडला होता. त्या दिवशी तो श्वास इतका स्पष्ट आला की समोरच्या माइकनं तो उचलला असणार हे मला तेव्हाच कळलं. त्या श्वासामुळे पुढचा सूर उलट जास्तच हळुवार लागला. भाग संपल्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जमलं का? मी हसून मान हलवली. मला सगळं ठाऊक असताना मी हसले.

तालीम संपल्यावर आमोद त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेला. चार मिनिटांत सर्जेराव परत आले. चेहरा परेडचा. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, उद्या मी दुसऱ्या हॉर्नला हाय. एक पाव्हना येतोय जर्मनीवरनं."

इथे मी खरं बोलू शकले असते. मी म्हटलं, "काय सांगता?"

डोळेसुद्धा मोठे केले मी. तेवढं नाटक मला येत होतं. तर हा माणूस माझीच समजूत काढायला लागला. "जाऊ द्या. हुकूम आला की आला. तुमी वाईट वाटून घेऊ नका, तुमचं बीपी वाढंल." मग हॉर्नमधलं पाणी झटकून, फडक्यानं पुसून, पेटीत ठेवून ते बसस्टॉपकडे गेले. मी पाठमोरी आकृती बघत राहिले आणि स्वतःला म्हटलं, चला, माझ्यावर तरी काही आलं नाही.

रविवारची मैफल हाऊसफुल्ल. सिंफनी उत्तम झाली. कॉन्चेर्टोला अभिनव उभा राहिला. पोरगा वाईट नाही, नम्र आहे, पहिला भाग झकास वाजवला. पण बारा तासांचा प्रवास, पुण्यातली कोरडी थंडी आणि पहिल्या रांगेत मामा. संथ भागात त्याचा आवाज तीनदा फाटला. हॉर्न फाटला की लपत नाही. त्यातच कोणालातरी ठसका लागला, तो काही घरी थांबला नव्हता. शेवटच्या भागात पोरगं इतकं घाबरलं की दोन ओळी सोडूनच दिल्या. दुसऱ्या हॉर्नच्या खुर्चीत सर्जेराव समोर बघत बसले होते. कॉन्चेर्टोत त्यांना वाजवायला एकूण बावीस सूर होते. ते त्यांनी बरोबर वाजवले.

फेब्रुवारीत त्यांनी दात काढला. शेजारचा दुसराही आपोआप गेला. कवळी बसवली, हॉर्न ओठाला लावून पाहिला, नुसती हवा. मला फोनवर म्हणाले, "संपलं, ताई," आणि मग मंडईत मेथी काय भावानं मिळते ते विचारायला लागले.

जुलैमध्ये रेकॉर्डिंगचं प्रकाशन झालं. चहा, बटाटेवडा, भाषणं. पुस्तिकेसकट तीनशे सीडी आणि बाकी इंटरनेटवर. सर्जेरावांना मीच आग्रहानं बोलावलं होतं, का ते मला आजही सांगता येत नाही. ते तिसऱ्या रांगेत कडेला, मी त्यांच्या शेजारी. अभिनव खास आला होता. भाषणात म्हणाला, "मामांनी गुरुवारी तिकीट काढलं आणि शनिवारी मी विमानात होतो, इट वॉज क्रेझी." सगळे कौतुकानं हसले. मग आमोद म्हणाला, "आता संथ भाग ऐकू या. हा आमच्या रेकॉर्डिंगचा आत्मा आहे." दिवे मंद केले, स्पीकर सुरू झाले.

कुठेही आवाज फाटला नाही. ठसका नाही. मला वाटलं, चला, वरदनं, म्हणजे आमच्या ध्वनिमुद्रकानं, कमाल केली. एवढ्यात माझं लक्ष सर्जेरावांच्या मांडीवर गेलं. त्यांची डाव्या हाताची तीन बोटं पँटवर कळा दाबत होती. ती लांब ओळ आली. मधोमध सर्जेरावांनी श्वास घेतला, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून तोच श्वास आला.

त्यांची बोटं थांबली. स्पीकरवरचा हॉर्न पुढे वाजत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुस्तिका उघडली, चष्मा लावला, मंद उजेडात वाचली. 'हॉर्न: अभिनव.' पान उलटून सगळ्या वादकांची यादी वाचली. तिथे ते होते, दुसरा हॉर्न, एस. इंगवले. पुस्तिका मिटून खुर्चीवर ठेवली आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आमोदच्या घरी गेले. चहा नको म्हटलं, यावरूनच त्याला कळायला हवं होतं.

"संपूर्ण संथ भाग सर्जेरावांचा आहे," मी म्हटलं.

"आणि शेवटचाही," तो म्हणाला. नाकारलंसुद्धा नाही. "काकू, लाइव्ह रेकॉर्डिंग जगात सगळीकडे असंच करतात. मैफल आणि रंगीत तालीम जोडून एक चांगलं करायचं. वरदनं दोन्ही ऐकून जे चांगलं ते घेतलं."

"दोन्हीकडे वाजवणारा एकच असतो तेव्हा करतात. इथे माणूस बदलला होता."

"ऐकणाऱ्याला काय कळतंय? पुण्यात हॉर्न ओळखणारे दहा लोक नाहीत."

"एक होता. तुझ्या तिसऱ्या रांगेत बसला होता."

तो म्हणाला, "अभिनवला हे माहीत नाही. त्याला वाटतं एडिटिंगनं सुधारलं. आणि काकू, रागावू नका, पण शनिवारपर्यंत सर्जेरावांना सांगायचं नाही हा ठराव तुमच्या अक्षरात आहे."

तोंडात मारल्यासारखं झालं. पण राग आला की मला भीती वाटत नाही. मी म्हटलं, वृत्तपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मी माझ्याच अक्षरात सगळं लिहीन, ठरावासकट. तू तुझं बघ, मी माझं बघते. आठवडाभर फोनाफोनी झाली. मामा चिडले, अभिनव रडला म्हणे, वरदनं हात वर केले. शेवटी ठरलं की इंटरनेटवर दुरुस्ती होईल आणि पुस्तिका नव्यानं छापली जाईल. छपाईच्या आधीचं पान मी स्वतः तपासलं. 'हॉर्न: अभिनव (पहिला भाग), सर्जेराव इंगवले (संथ भाग व अंतिम भाग).' पुरी ओळ, ठळक टाइपात. मला वाटलं, निस्तरलं सगळं. छाती फुगवून मी धायरीची बस पकडली.

मालनबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाल्या. एरवी त्या बोलत सुटतात, त्या दिवशी आत गेल्या. सर्जेराव खिडकीशी पेपर वाचत होते. कवळीमुळे चेहरा थोडा परका दिसत होता. मी ते पान त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. नावाखाली बोट धरून पुन्हा वाचलं. त्यांचे डोळे भरले, हे मी पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

"ह्यो कागद छापनार?"

"परवा छापणार. तीनशे प्रती. इंटरनेटवर तर जगभर दिसेल."

"तुमी भांडला?"

"भांडले. चांगली भांडले. केसानं गळा कापलाय तुमचा या लोकांनी, सोडते की काय."

त्यांनी पान खाली उतरवलं. "ताई, एक इच्यारतो. ते पोरगं भाषनात म्हनालं, तिकीट गुरवारी काढलं. म्हंजी मंडळाला गुरवारी ठावं होतं. तुमी सचिव. तुमाला कवा कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. शनिवारी बोललेच होते. पण त्या माणसाचे डोळे अजून ओले होते, त्यांच्याकडे बघून मला ते जमलं नाही.

"गुरुवारी," मी म्हटलं. "बैठकीला होते मी. हात वर केला होता."

आत मालनबाईंच्या हातातलं भांडं थांबलं.

"मग शनवारी तुमी 'काय सांगता' म्हनाला, ते?"

मी मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिले.

"आमोदसाहेबांचं मला काय न्हाई," ते हळू म्हणाले. "वरचा मानूस हुकूम देतो, आमी सव्वीस वर्षं तेच बघितलं. त्या पोराचं बी काय न्हाई. पन संथ भाग झाल्यावर मी तुमच्याकडं बघितलं. सगळ्यांत तुमच्याकडं. तुमी हसला. मी घरी जाऊन हिला सांगितलं, दुसरं कायबी होऊ दे, पन ताईंना आवडलं."

"आवडलंच होतं सर्जेराव, शपथ घेऊन सांगते."

"असंल. आता मला कसं कळायचं?"

मी म्हटलं, माझं चुकलं, हजारदा चुकलं, पण नाव तरी राहू द्या, ते तुमचं आहे, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. त्यांनी पान पुन्हा उचललं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात कार्यकारिणी छापली होती. तिथे त्यांचं बोट गेलं. सचिव, वासंती खांबेटे.

"पेन हाय का?"

मी पर्समधून काढून दिलं. मला वाटलं, माझं नाव खोडतायत. खोडावं, माझी हरकत नव्हती. त्यांनी स्वतःच्या नावावर रेघ मारली. एक सरळ रेघ, मग तिच्यावर दुसरी, नीट दिसेनासं होईपर्यंत. पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं.

"ह्या कागदावर नको," ते म्हणाले. मग आत बघून हाक मारली, "अगं, बाईंना च्या दे. त्यांची बस हाय साडेपाचची."

चहा आला. मी तो प्यायले, आणि साडेपाचच्या बसनं परत आले.